गिटारवर एकच स्वर पाच ठिकाणी का सापडतो?

घरगुती मैफलीत हमखास दिसणारं दृश्य. गायिका म्हणते, "माझी पट्टी काळी चार." पेटीवाला मान डोलावतो, तबलजी हातोडी काढतो आणि गिटारवाला फोन काढतो. त्याला गाणी भरपूर येत असतात, एफचा जीवघेणा बार कॉर्डही (एक बोट सगळ्या तारांवर आडवं टाकून एकदम वाजवायचा स्वरांचा गुच्छ) जमत असतो. पण काळी चार आपल्या गिटारवर नक्की कुठे, हे त्याला शोधावं लागतं. चालू गाण्यात मधेच थांबवून विचारा, "बाबा रे, तुझी करंगळी आत्ता कुठल्या स्वरावर आहे?" तो खुल्या, म्हणजे न दाबलेल्या तारेपासून एकेक फ्रेट मोजत येईल.

यात त्याचा आळस थोडा आणि वाद्याचा खोडसाळपणा जास्त आहे. गिटारची ठेवणच अशी आहे की स्वरांची नावं डोळ्यांना दिसत नाहीत. गंमत म्हणजे ज्या गुणामुळे नावं लपतात, त्याच गुणामुळे वाजवणाऱ्याचं एक मोठं काम वाचतं. ही दुसरी बाजू कुणी फारशी सांगत नाही. 'दहा मिनिटांत फ्रेटबोर्ड पाठ' म्हणणाऱ्या रील्सना मात्र तोटा नाही. दहा मिनिटांत रचना समजू शकते, ते खोटं नाही. ती बोटांत उतरायला काही महिने जातात, आणि ते जाऊ द्यावेत.

## बारा नावं

गिटारच्या दांडीचा जो सपाट भाग आपण बोटांनी दाबतो तो फ्रेटबोर्ड. त्यावर आडव्या बसवलेल्या धातूच्या पट्ट्या म्हणजे फ्रेट. सतारीला हेच पडदे असतात, फक्त ते बांधलेले असल्यामुळे सरकवता येतात. गिटारचे फ्रेट लाकडात ठोकून बसवलेले. बोलताना दोन पट्ट्यांमधल्या जागेलाही फ्रेटच म्हणतात. 'तिसरा फ्रेट दाब' म्हणजे तिसऱ्या पट्टीच्या किंचित अलीकडे बोट ठेव.

एक फ्रेट पुढे सरकलं की स्वर एक पायरी चढतो. अशा बारा पायऱ्या झाल्या की सप्तक पूर्ण होतं आणि त्याच नावाचा स्वर दुप्पट कंपनसंख्येने पुन्हा येतो. या बारांपैकी सात स्वरांना साधी नावं आहेत: सी, डी, ई, एफ, जी, ए, बी. उरलेले पाच त्यांच्या मधले. मधल्या स्वराला अलीकडच्याचं नाव घेऊन 'शार्प' म्हणतात, नाहीतर पलीकडच्याचं नाव घेऊन 'फ्लॅट'. सी शार्प आणि डी फ्लॅट ही गिटारवर एकाच जागेची दोन नावं. इथे आपण शार्पवरच भागवू.

पेटी वाजवणाऱ्याला यातलं काहीच नवं नाही. पांढरी एक म्हणजे सी, दोन डी, तीन ई, चार एफ, पाच जी, सहा ए आणि सात बी. काळी एक सी शार्प, काळी दोन डी शार्प, काळी तीन एफ शार्प, काळी चार जी शार्प, काळी पाच ए शार्प. भजनी मंडळापासून नाट्यसंगीतापर्यंत आपल्याकडे पट्टी याच भाषेत सांगतात, आणि ती भाषा नेमकी आहे. गायिकेने 'काळी चार' म्हटलं तेव्हाच गिटारवाल्याला हवी ती सगळी माहिती मिळालेली होती.

आता एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवायची, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. ई आणि एफ यांच्या मध्ये काही नाही. बी आणि सी यांच्या मध्येही काही नाही. पेटीवर त्या दोन ठिकाणी काळी पट्टी नसते. सीला सा मानलं तर हे दोन सांधे म्हणजे ग-म आणि नी-सां. बाकी कुठल्याही दोन शेजारी साध्या स्वरांमध्ये एक फ्रेट सुटतो.

## पेटीवर दिसतं ते इथे का दिसत नाही?

पेटीच्या पट्ट्यांना दोन रंग आहेत. दोन काळ्या, मग तीन काळ्या, अशी मांडणी असल्यामुळे नजर टाकली की जागा कळते. गिटारवर सगळे फ्रेट एकाच तोंडवळ्याचे. मदतीला बहुतेक गिटारांवर ३, ५, ७, ९ आणि १२ या फ्रेटांवर ठिपके असतात. क्लासिकल गिटारला बहुधा तेही नसतात.

त्याहून मोठी अडचण आकड्यांची आहे. साडेतीन सप्तकांच्या पेटीवर साधारण ४२ पट्ट्या आणि तेवढेच स्वर. एका स्वराला एकच जागा, वाद मिटला. वीस फ्रेटच्या अकूस्टिक गिटारवर, खुल्या तारा धरून, १२६ जागा होतात आणि त्यांतून वेगवेगळ्या उंचीचे स्वर निघतात फक्त ४५. उरलेल्या सगळ्या जागा पुनरावृत्तीच्या. सर्वांत बारीक, म्हणजे पहिली तार न दाबता छेडली की जो ई वाजतो, तोच ई दुसऱ्या तारेच्या ५व्या फ्रेटवर आहे, तिसऱ्या तारेच्या ९व्या, चौथीच्या १४व्या आणि पाचवीच्या १९व्या फ्रेटवरही आहे. वरच्या किंवा खालच्या सप्तकातला नव्हे, अगदी तोच. शीर्षकातली पाच ठिकाणं ती हीच.

या पाच जागांचा आवाज मात्र एक नाही. बारीक तारेवर तो ई खणखणीत येतो; जाड, गुंडाळी केलेल्या तारेवर तोच गोलसर आणि थोडा दबका होतो. जाणकार वादक जागा निवडतो ती बऱ्याचदा या रंगासाठी. ज्याला एकच जागा ठाऊक आहे त्याच्यापुढे निवडीचा प्रश्नच येत नाही.

आता ती वाचलेली मेहनत. पेटीवर पट्टी बदलली की बोटांची चाल बदलते. पांढरी एकला सहज भूप वाजवणारा हात काळी तीनला अडखळतो. म्हणून तर स्केल चेंजर पेट्या निघाल्या, ज्यांत पट्ट्यांचा अख्खा संचच सरकवता येतो. गिटारवर हा संच जन्मतःच सरकता आहे. सगळे फ्रेट सारखे, त्यामुळे एकदा बसलेला कॉर्डचा आकार जसाच्या तसा दोन फ्रेट पुढे नेला की पट्टी दोन पायऱ्या चढली, बोटांना नवं काही शिकवावं लागलं नाही. आकारांवर इतकं काही भागतं की नावं शिकायची वेळच येत नाही, आणि वर्षं निघून जातात.

## सहा तारा, सहा लोकल

एक वर्तुळाकार रेल्वेमार्ग डोळ्यांसमोर आणा. त्यावर बारा स्टेशनं, क्रम ठरलेला. या मार्गावर सहा लोकल धावतात, पण सगळ्या एकाच स्टेशनावरून सुटत नाहीत. एकदा स्टेशनांचा क्रम पाठ झाला की कुठल्याही गाडीत बसा, सुटण्याचं ठिकाण माहीत असेल तर पुढचं स्टेशन सांगता येतं. गिटारच्या तारा अगदी अशा आहेत. सहावी, म्हणजे सर्वांत जाड तार ईवरून सुटते, पाचवी एवरून, चौथी डीवरून, तिसरी जीवरून, दुसरी बीवरून आणि पहिली पुन्हा ईवरून. बाराव्या फ्रेटवर प्रत्येक गाडी आपल्या सुटल्या स्टेशनावर परत येते. म्हणून तिथे दोन ठिपके असतात.

नवशिक्यांचा एक गोंधळ इथेच मिटवून टाकू. गिटार मांडीवर घेतली की सहावी तार आपल्या तोंडाकडे, म्हणजे वर असते, आणि तिचा आवाज सर्वांत खालचा. पहिली तार जमिनीकडे, आवाज सर्वांत वरचा. शिकवणारा 'वरचा सा घे' म्हणतो आणि शिकणारा वरच्या तारेकडे जातो. संगीतात वर म्हणजे नेहमी चढ्या स्वराकडे. हातातल्या वर-खालीशी त्याचा काही संबंध नाही.

तारांची सुरुवात इतकी विचित्र का, हे सारेगममध्ये चटकन कळतं. कुठल्याही तारेला सा म्हणा, तिची पुढची बारीक तार मध्यमात लागलेली असते. सहावी सा तर पाचवी म. पाचवी सा तर चौथी म. चौथी सा तर तिसरी म. शुद्ध मध्यम सापासून पाच पायऱ्यांवर, म्हणून ५वा फ्रेट दाबला की पुढच्या खुल्या तारेचा स्वर मिळतो. ट्यूनर नसताना गिटार लावायची जुनी रीत हीच.

## एक सांधा वाकडा आहे

तिसरीवरून दुसरीवर जाताना मात्र हा नियम मोडतो. तिसरी तार जी, दुसरी बी. अंतर पाच नाही, चार पायऱ्यांचं, मध्यमाऐवजी गंधार. म्हणून गिटार लावताना तिसऱ्या तारेचा पाचवा नाही, चौथा फ्रेट दाबतात. त्यापुढे दुसरीवरून पहिलीवर पुन्हा मध्यम.

हा सांधा नसता तर फ्रेटबोर्ड शिकणं निम्म्याने सोपं झालं असतं, असं वैतागून म्हणणारे बरेच भेटतात. त्यांचं म्हणणं चूक नाही. अमेरिकन वादक स्टॅन्ली जॉर्डन सगळ्या तारा मध्यमातच लावतो आणि त्याच्या गिटारवर प्रत्येक आकार सगळीकडे सारखाच राहतो. मग बाकी जग हा वाकडेपणा का सहन करतं? हिशेब करून बघा. पाचही अंतरं मध्यमाची ठेवली तर सहावीपासून पहिलीपर्यंत २५ पायऱ्या होतात आणि पहिली तार एफची येते. खाली ई, वर एफ. सगळ्या तारांवर एकच बोट आडवं टाकलं तर हे दोन स्वर एकमेकांना टोचतात. एक अंतर गंधाराचं केलं की बेरीज २४, म्हणजे बरोबर दोन सप्तकं, आणि दोन्ही टोकांना ई. साधे खुले कॉर्ड आणि बार कॉर्ड चार बोटांत बसतात ते या तडजोडीमुळे. हा सांधा कॉर्ड वाजवणाऱ्याच्या सोयीचा आहे. त्याची किंमत एकेरी स्वर शोधणारा मोजतो. युरोपातल्या ल्यूट या जुन्या वाद्यातही तारांच्या मध्ये असा एक गंधाराचा सांधा असायचा, तेव्हा ही सोय गिटारने शोधली असंही नाही.

## १२६ वरून १४ वर

आता त्या १२६ जागांची भीती कमी करू. बाराव्या फ्रेटपासून नावं पुन्हा तीच, म्हणजे उरल्या ७२. पहिली आणि सहावी तार नावांच्या बाबतीत सख्ख्या जुळ्या, म्हणजे उरल्या ६०. शार्प वेगळे पाठ करायची गरज नाही. जी कळला की त्याच्या पुढचा फ्रेट जी शार्प. राहिले फक्त सात साधे स्वर, पाच तारांवर, ३५ जागा.

त्यातल्याही सगळ्या पाठ करायच्या नाहीत. सहाव्या आणि पाचव्या तारेवरच्या १४ जागा पक्क्या केल्या की बाकीच्या सप्तकाच्या उडीने सापडतात. सहाव्या तारेवरचा कुठलाही स्वर घ्या, एक तार सोडून चौथीवर या आणि दोन फ्रेट पुढे जा: तोच स्वर, एक सप्तक वर. पाचवीवरून तिसरीवर तसंच, दोन फ्रेट पुढे. चौथीवरून दुसरीवर आणि तिसरीवरून पहिलीवर जाताना मधे तो वाकडा सांधा लागतो, म्हणून दोनऐवजी तीन फ्रेट. पाचव्या तारेच्या ३ऱ्या फ्रेटवर सी आहे. तिथून तिसरीच्या ५व्यावर, तिथून पहिलीच्या ८व्यावर. सहावीवर सी ८व्या फ्रेटवर आहे. तिथून चौथीच्या १०व्यावर, तिथून दुसरीच्या १३व्यावर, आणि तेरातून बारा गेले की दुसरीच्या १ल्या फ्रेटवर. सहाही तारांवरचे सी झाले.

जॅझ गिटारिस्ट वेस माँटगोमेरी या उड्यांचे दोन्ही स्वर एकदमच वाजवायचा, तेही प्लेक्ट्रम (तारा छेडायची छोटी चकती) न वापरता अंगठ्याने. त्याच्या वादनाची ती ओळखच झाली. म्हणजे हा आकार शिकणं निव्वळ नकाशापुरतं राहत नाही, वाजवायलाही कामी येतं.

## सुरुवात कुठून करायची

ठिपक्यांपासून. सीला सा धरा. पाचव्या तारेवर ३, ५, ७ या ठिपक्यांवर सा, रे, ग बसलेले आहेत, म्हणजे सी, डी, ई. त्याला लागूनच ८व्यावर म, कारण ग आणि म यांच्या मध्ये काही नाही. सहाव्या तारेवर त्याच ३, ५, ७ वर मंद्रातले प, ध, नी, म्हणजे जी, ए, बी. आणि लागून ८व्यावर सा. दोन तारा, तेच तीन ठिपके, आणि सप्तकातले सहा स्वर हाती आले. उरलेल्यांत सहाव्या तारेचा १ला फ्रेट एफ आणि १०वा डी. पाचव्या तारेचा २रा बी आणि १०वा जी. संपल्या चौदा जागा (खुल्या तारा धरून). कुठल्याही इंग्रजी पुस्तकातल्या स्मरणवाक्यापेक्षा मला ही सारेगमची खूण अधिक टिकाऊ वाटते, कारण ती कानाशी बांधलेली आहे.

मग रोज एकच स्वर घ्यायचा. समजा आज सी. सहाव्या तारेवर तो शोधायचा, वाजवायचा, तोंडाने नाव उच्चारायचं. मग पाचवीवर, चौथीवर, असं पहिलीपर्यंत आणि उलट परत. मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) इतका सावकाश लावा की घाई होणारच नाही. उद्या एफ, परवा जी. तोंडाने बोलणं टाळू नका. मनात म्हटलं की बोट आधी जातं आणि नाव मागून येतं. आपल्याला नेमकं उलटं हवं आहे. आणि खुल्या तारेपासून मोजत येणं पहिल्या आठवड्यापुरतं ठीक. त्यानंतर ती कुबडी होते, मुद्दाम सोडावी लागते.

दहा-पंधरा दिवसांनी एकाच तारेवर ओळखीची धून वाजवून बघा. भूप यासाठी उत्तम, कारण त्यात म आणि नी नाहीतच. पाचव्या तारेवर ३, ५, ७, १०, १२, आणि तार सा १५ वर. सा, रे, ग, प, ध म्हणत एकदा, सी, डी, ई, जी, ए म्हणत एकदा. नंतर तोच भूप दुसऱ्या तारेवर १, ३, ५, ८, १० ला. एका तारेवर वाजवणं अडचणीचं असतं, हात सारखा पळवावा लागतो, आणि म्हणूनच त्यात कॉर्डच्या सवयीचे आकार मदतीला धावून येत नाहीत.

आडव्या दिशेनेही काही सोप्या जागा आहेत. ५व्या फ्रेटवर सहावीपासून पहिलीपर्यंत ए, डी, जी, सी, ई, ए. १०व्या फ्रेटवर डी, जी, सी, एफ, ए, डी. दोन्हीकडे एकही शार्प नाही. रस्ता चुकला की या दोन फ्रेटांवर यायचं.

रोज सहा-सात मिनिटं पुरतात, रविवारी दोन तास बसून काही साधत नाही. पाठांतर थोडं थोडं वाटून केलं की जास्त टिकतं, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच स्वतःवर प्रयोग करून नोंदवलं होतं. फ्रेटबोर्डवर नावांचे रंगीत स्टिकर चिकटवायचा मोह होईल. माझं मत विरुद्ध आहे: डोळे स्टिकर वाचायला शिकतात, बोटं काहीच शिकत नाहीत.

## "टॅब असताना नावं कशाला?"

टॅब म्हणजे सहा रेघा आणि त्यांवर फ्रेटचे आकडे: कुठली तार, कितवा फ्रेट. पुष्कळ शिक्षक टॅबला नाकं मुरडतात, ते मला पटत नाही. ही पद्धत नव्याने निघालेली पळवाट नाही. गिटारच्या कुळातल्या विहुएलासाठी स्पेनमध्ये लुईस मिलानने १५३६ मध्ये छापलेलं संगीत याच धर्तीवर, रेघा आणि आकड्यांत आहे. शिवाय पाच जागांपैकी नेमकी कुठली, हे टॅब एका फटक्यात सांगतो. पाच रेघांच्या पाश्चात्त्य नोटेशनमध्ये ते आपोआप कळत नाही. तिथे तार दाखवायला वेगळा, गोलातला आकडा लिहावा लागतो.

अडतं ते दुसऱ्या माणसाशी बोलताना. टॅबमधला '५' बासरीवाल्याला काहीच सांगत नाही. पट्टी बदलली की सगळे आकडे बदलतात, आणि नावं ठाऊक नसतील तर कशातून काय झालं ते कळत नाही. एकटं, घरात, आपल्यासाठी वाजवणाऱ्याला टॅब आयुष्यभर पुरेल. त्याने नावं शिकली नाहीत म्हणून काही बिघडत नाही, हेही स्पष्ट सांगायला हवं.

## "आम्हाला सारेगम येतं, तेवढं पुरे"

सा फिरता आहे, सी जागचा हलत नाही, हा दोन्ही पद्धतींतला खरा फरक. सारेगम स्वरांचं आपसातलं नातं सांगते, अक्षरं जागा सांगतात. गिटारवाल्याला दोन्ही लागतात: धून समजायला सारेगम, आणि कीबोर्डवाला "एफवर ये" म्हणाला की तिथे पोचायला अक्षर.

मुंबईच्या चित्रपट स्टुडिओंमध्ये ही दोन जगं रोज एकत्र काम करायची. संगीतकार पेटीवर, सारेगममध्ये चाल सांगे. समोर बसलेले कितीतरी वादक गोव्याचे, पोर्तुगीज काळातल्या चर्चच्या शाळांत नोटेशन वाचायला शिकलेले. मधल्या मधे सेबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारखे अरेंजर चाल ऐकून तिचं नोटेशन लिहीत आणि वाद्यांना वाटून देत. कुणी आपली भाषा सोडली नाही.

## "कॅपो लावला की झालं"

कॅपो म्हणजे सगळ्या तारा एका फ्रेटवर दाबून धरणारा चिमटा. तो लावला की खुल्या तारा तिथून सुरू होतात आणि सोपे आकार वापरून अवघड पट्टी वाजवता येते. फार उपयोगी वस्तू आहे. पण तो कितव्या फ्रेटवर लावायचा?

काळी चार म्हणजे जी शार्प. जीच्या एक फ्रेट पुढे. म्हणून जीचे आकार आणि कॅपो पहिल्या फ्रेटवर. काळी दोन म्हणजे डी शार्प: डीचे आकार आणि कॅपो पहिल्यावर, किंवा सीचे आकार आणि कॅपो तिसऱ्यावर. हा हिशेब बारा नावांच्या क्रमाशिवाय होत नाही, आणि क्रम येत असेल तर दोन सेकंदांत होतो. कॅपो नसला तरी अडत नाही. ईच्या आकाराचा बार कॉर्ड ज्या फ्रेटवर पडतो, तिथे सहाव्या तारेवरचा स्वर हेच त्या कॉर्डचं नाव. एच्या आकाराचा असेल तर पाचव्या तारेवरचा. सहाव्या तारेचा ४था फ्रेट जी शार्प, तिथे बार टाकला की काळी चार. त्या १४ जागांतून मिळणारी ही पहिली मोठी वसुली.

## "मोठमोठ्या वादकांना तरी कुठे येत होतं?"

हा युक्तिवाद सगळीकडे ऐकू येतो आणि त्यात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत असते. वेस माँटगोमेरीला नोटेशन वाचता येत नव्हतं, ही प्रसिद्ध गोष्ट आहे. पण कागद वाचता न येणं आणि फ्रेटबोर्ड माहीत नसणं एक नव्हे. सप्तकाच्या जोड्या धरून त्या वेगाने सगळ्या दांडीभर फिरणाऱ्या माणसाला कुठला स्वर कुठे आहे हे हाताला आणि कानाला पक्कं ठाऊक होतं. ते त्याला अक्षरांनी कळत होतं की आणखी कशाने, हा गौण प्रश्न. आपल्यातल्या बहुतेकांचा कान तेवढा तयार नसतो; आपल्याला नावांचा आधार घेऊन तिथवर जावं लागतं.

## आणि फ्रेटवरचा गंधार?

शास्त्रीय संगीत ऐकणारा वाचक एव्हाना अस्वस्थ झाला असेल, आणि त्याची शंका रास्त आहे. फ्रेट ठरलेल्या जागी असतील तर स्वरही ठरलेलेच, मग ते सुरात असतात का?

पूर्ण नाही. गिटारवरच्या बारा पायऱ्या मुद्दाम समान केलेल्या आहेत, म्हणून तर आकार कुठेही सरकवता येतो. ६५० मिलिमीटर लांबीच्या तारेवर पहिला फ्रेट साधारण ३६.५ मिलिमीटरवर येतो, बारावा बरोबर अर्ध्यावर, ३२५ वर, आणि मधलं प्रत्येक अंतर आधीच्यापेक्षा साधारण ५.६ टक्क्यांनी लहान होत जातं. खगोलशास्त्रज्ञ गॅलिलिओचे वडील विन्चेन्झो गॅलिली ल्यूट वाजवायचे. त्यांनी १५८१ मध्ये फ्रेटसाठी १८ला १७ हे सोपं गुणोत्तर सुचवलं होतं, ते आजच्या हिशेबाच्या आश्चर्यकारक जवळ जातं.

समान पायऱ्यांमुळे पंचम जवळजवळ बरोबर येतो. गंधार मात्र तंबोऱ्यातून ऐकू येणाऱ्या नैसर्गिक गंधारापेक्षा चढा लागतो, एका पायरीच्या साधारण सातव्या हिश्शाने. पेटीबद्दलची जुनी तक्रार नेमकी हीच. आकाशवाणीवर १९४० पासून पेटीला बंदी होती आणि ती १९७१ नंतर टप्प्याटप्प्याने सैल झाली. ब्रिजभूषण काब्रा आणि विश्वमोहन भट्ट यांनी गिटारवर राग वाजवताना फ्रेटना बगलच दिली: गिटार आडवी ठेवून तारेवर धातूचा तुकडा फिरवायचा, म्हणजे मींडही मिळते आणि प्रत्येक स्वराची हवी ती जागाही.

फ्रेट वापरणाऱ्याला तार बाजूला ढकलून स्वर चढवता येतो, उतरवता येत नाही. गंधाराचा फ्रेट आधीच चढा, त्यामुळे तिथे ढकलण्याचा काही उपयोग नाही. एक फ्रेट मागे, कोमल गंधारावर बोट ठेवायचं आणि तिथून तार ढकलत वर यायचं. तंबोऱ्याचं ॲप पांढरी एकला लावा, दुसऱ्या तारेचा ४था फ्रेट दाबा आणि ढकला. ५व्या फ्रेटच्या उंचीपर्यंत पोहोचायच्या थोडं आधीच थांबायचं. नेमकं कुठे, ते ट्यूनरकडे बघून ठरवू नका. बहुतेक ट्यूनर समान पायऱ्यांचेच असतात आणि तुमच्या बरोबर गंधाराला तो कमी लागलाय म्हणतील.